वाफसा ओळखा: क्रिकेटच्या मैदानावर नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

नवा पोरगा मैदानावर आला की पहिल्या दिवशी त्याची नजर रोलरवर जाते. साहजिक आहे. मैदानातली सगळ्यात जड आणि सगळ्यात रुबाबदार वस्तू तीच. पण पहिले दोन-तीन महिने रोलरला कोणी हात लावू देणार नाही, आणि पहिल्याच आठवड्यात लावू दिलाच तर समजा की तिथे माणसांची फार टंचाई आहे. तुमच्या वाट्याला येणार खराटा, घमेलं, पाण्याचा पाईप आणि कव्हरचं एक टोक. डोळे उघडे असतील तर एवढ्यातच निम्मं काम शिकून होतं.

मी मुंबईतल्या एका क्लबच्या मैदानावर हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा आपल्याला मातीतलं कळतं असा तोरा होता. गावी थोडी शेती होती ना! तो तोरा पहिल्याच सकाळी उतरला. मी मन लावून स्क्वेअरवरची, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळपट्ट्यांचा जो चौकोन असतो त्यावरची, हरळी उपटत बसलो होतो. शेतात हरळी म्हणजे वैरीण. आजोबा तिची एक काडी शिल्लक ठेवत नसत. आमचे सगळ्यात जुने माळी, त्यांना सगळे मामा म्हणायचे, लांबून ओरडत आले, "अरे, तेच तर पीक आहे आपलं!" ज्याला सगळे बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. मैदानावर तिच्या निवडक जाती लावतात. उपटायचा असतो तो लव्हाळा, आणि तोही खुरप्यानं खालच्या गाठीसकट. गाठ राहिली की आठवड्यात पुन्हा डोकं वर काढतो.

तेव्हापासून मी नव्यांना सांगतो की खेळपट्टी म्हणजे उलटी शेती. शेतकरी माती भुसभुशीत करतो, आपण ती दाबून तिच्यातली हवा काढतो. शेतकऱ्याला मुळांभोवती ओल टिकवायची असते, आपल्याला ओल आधी खोलवर घालायची असते आणि मग वेळेवर, सारखी, वरपासून खालपर्यंत काढून घ्यायची असते. दोन्हीकडे कामाची वेळ मात्र एकच गोष्ट ठरवते, ती म्हणजे वाफसा: पाणी दिल्यावर माती चिखलही नसते आणि कोरडीही नसते, कामाला बरोबर ओलसर असते ती अवस्था. हा शब्द माहीत असेल तर तुम्ही शहरातून आलेल्या पोरांच्या एक पाऊल पुढे आहात.

पहिला आठवडा

सपाट तळाचे बूट घ्या. खिळ्यांचे तर नकोतच, पण खोल नक्षीच्या तळव्याचेही नकोत. ओल्या खेळपट्टीवर उमटलेला एक ठसा वाळला की तिथे चेंडू वेगळा वागतो. सवय अशी लावून घ्या की स्क्वेअर ओलांडून जायचंच नाही. वळसा घालायचा. पाण्याची बाटली द्यायची असो नाहीतर साहेबांनी हाक मारलेली असो, वळसा. नव्या माणसाकडे बघून मामा त्याचं भविष्य सांगायचे आणि त्यांची कसोटी एवढीच होती: हा सरळ चालत येतो की फिरून?

वेळेचं म्हणाल तर उजाडायच्या आधी. आधी पोचलेल्या माणसाला कव्हर काढताना खालची माती बघायला मिळते. रात्रभर झाकलेली खेळपट्टी दमट हवेत घाम सोडते, कव्हरच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. कुठे जास्त, कुठे कमी, हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसतं. सूर्य वर आला की तो पुरावा गेला.

नावं पटकन पाठ करा. मैदानावरचे जुने लोक खेळपट्टीला विकेट म्हणतात, 'विकेट बनवायची' म्हणजे खेळपट्टी तयार करायची. टीव्हीवरचे लोक पीच म्हणतात. क्युरेटर, म्हणजे खेळपट्टीची जबाबदारी ज्याच्यावर असते तो, म्हणजे साहेब किंवा सर. जुने माळी म्हणजे मामा, काका, अण्णा, जिथे जे चालत असेल ते. नावानं हाक मारायची घाई करू नका.

पाणी देणं आणि वाफसा

हे नीट वाचा, कारण नवे लोक सगळ्यात जास्त चुका इथे करतात आणि त्या चुका चार दिवसांनी उघड होतात.

साधारण क्लबच्या सामन्यासाठी खेळपट्टीचं काम आठ-दहा दिवस आधी सुरू होतं. गवत कापायचं, मेलेलं गवत खराट्यानं ओरबाडून काढायचं आणि मग भरपूर पाणी द्यायचं. भरपूर म्हणजे वरून ओलं दिसेपर्यंत नव्हे. तीन-चार इंच खाली ओल पोचली पाहिजे. पाईपचं तोंड मोकळं सोडून धार मारू नका, माती उकरली जाते आणि चिकण माती वर तरंगून पापुद्रा धरते. पुढे झारीचं तोंड लावा किंवा बोटानं फवारा करा. द्या, मुरू द्या, पुन्हा द्या. ओल किती खाली गेली ते बघायला जुना लांब पेचकस खेळपट्टीच्या कडेला खुपसा. सहज जातो तिथपर्यंत ओल, अडतो तिथून कोरडं. मधोमध खुपसू नका, नाहीतर मला शिव्या पडतील.

आता वाट बघायची. हे काम वाटत नाही, पण आहे. वरची चमक जाते, रंग गडद असतो तो थोडा फिकट होतो, पाय ठेवला तर ठसा उठतो पण चिखल लागत नाही. चिमूटभर माती घ्या आणि तिचा लाडू वळा. तळव्याला चिकटली तर अजून थांबा. वळताना भेगा पडून सुटली तर उशीर झाला. गुळगुळीत लाडू वळला, तळवा स्वच्छ राहिला आणि दाबल्यावर लाडू न फुटता चपटा झाला, तर ती रोलरची वेळ. नांगरासाठीच्या वाफशापेक्षा हा थोडा ओलसर असतो. नांगराला ढेकूळ फुटायला हवं असतं, आपल्याला ते चपटं व्हायला हवं असतं.

लाल माती आणि काळी माती यांचं गणित वेगळं. मुंबईत लाल मातीच्या खेळपट्ट्या प्रसिद्ध आहेत, त्यांच्यावर चेंडू चांगला उसळतो. काळी माती, म्हणजे आपली कापसाची माती, पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते; तिला भेगा पडतात, ओल ती जास्त वेळ धरून ठेवते आणि चेंडू साधारण खाली राहतो. म्हणून लाल मातीवर वाफसा तासा-दोन तासांत हातचा जाऊ शकतो, काळ्या मातीवर तो येता येत नाही. एकाच स्टेडियमच्या स्क्वेअरवर दोन्ही प्रकारच्या पट्ट्या असू शकतात. कुठली पट्टी कुठली, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळा तीच पट्टी हातानं चाचपा. कोणी सांगितलं नसलं तरी. एका टोकाला झाडाची किंवा स्टँडची सावली येत असेल तर ते टोक नेहमी मागे राहतं, आणि दोन्ही टोकं सारखी करायला कोरड्या टोकाला झारीनं थोडं जास्त पाणी द्यावं लागतं. नवा माणूस असं काही साहेबांच्या लक्षात आणून देतो, तेव्हा त्याची किंमत वाढते.

रोलर

रोलर चालवणं म्हणजे तो हळू चालवणं. आपल्या नेहमीच्या चालीपेक्षाही हळू, बैलगाडीसुद्धा पुढे निघून जाईल इतका. मातीतली हवा आणि पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. आधी हलका, मग जड; हातानं ओढायचा रोलर काही शे किलोंचा असतो, डिझेलवरचा टन-दीड टनाचा किंवा त्याहून जड. सुरुवातीच्या दिवसांत तिरका-आडवाही फिरवतात, शेवटी शेवटी फक्त लांबीच्या दिशेनं. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीवर निम्मा रोलर चढला पाहिजे.

ओली माती असेल तर ती रोलरच्या पुढे लाटेसारखी सरकते. डोळ्यांना जेमतेम दिसते, पण दिसली की थांबा. त्या लाटेनं मुळं तुटतात आणि वरचा थर खालच्यापासून सुटतो. मग आठ दिवसांनी फलंदाज पाय आपटतो आणि पापडासारखी खपली निघते. मी दुसऱ्या वर्षी हे केलं आहे. साहेब लग्नाला गेले होते, मला घाई झाली होती, माती रोलरला कणकेसारखी चिकटायला लागली तरी मी ओल्या गोणपाटानं पुसत पुसत चालूच ठेवलं. सामन्याच्या दुसऱ्या तासाला गुड लेंथवर, म्हणजे चांगल्या चेंडूचा टप्पा पडतो त्या जागी, ताटलीएवढा तुकडा उखडला. साहेब काही बोलले नाहीत. पुढचे दोन महिने मी सीमारेषेची दोरी गुंडाळत होतो.

रोलर पट्टीवर उभा करायचा नाही, एक मिनिटसुद्धा. तिथे बशी पडते. वळवायचा तो पट्टीच्या बाहेर नेऊन, आणि दिशा बदलताना धक्का न देता. सुरू करण्याआधी पट्टी झाडा. एक खडा रोलरखाली गेला की तो कायमचा आत बसतो.

हातरोलर ओढताना उलटं चालू नका. सरळ लिहितो, कारण यात पाय चिरडतात. तोंड पुढे, रोलर मागे, आणि मागच्या बाजूला दोरी धरून एक माणूस, कारण एकदा गती घेतली की तो तुमच्या हाकेनं थांबत नाही.

जमीन नीट दबली नाही तर काय होतं ते दिल्लीनं पाहिलं आहे. 27 डिसेंबर 2009 ला फिरोजशाह कोटलावर भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना मध्येच सोडून द्यावा लागला, कारण नव्यानं टाकलेल्या खेळपट्टीवर चेंडू कधी कसा उसळेल याचा भरवसा उरला नव्हता. पुढे वर्षभर त्या मैदानावर आंतरराष्ट्रीय सामन्यांना बंदी होती.

कव्हर

पाऊस आला की मैदानात धावणारी माणसं टीव्हीवर दिसतात, तेच तुमचं पहिलं जाहीर दर्शन. धावणं सोपं आहे. कव्हर टाकण्यापेक्षा काढणं अवघड, आणि बहुतेक घोटाळे काढतानाच होतात.

टाकताना कौलांचा नियम लक्षात ठेवा: उताराच्या वरचं कव्हर खालच्या कव्हरवर चढलं पाहिजे. उलटं टाकलं तर सांध्यातून सगळं पाणी आत. स्क्वेअरचा उतार कुठे जातो ते कोरड्या दिवशी बघून ठेवा; पाऊस सुरू झाल्यावर कोणाला विचारायला वेळ नसतो. कडांवर टायर किंवा वाळूच्या पिशव्या जवळ जवळ ठेवा. वाऱ्यात कव्हर शिडासारखं फुगतं आणि चार माणसांना फरफटत नेतं. अशा वेळी दोर मनगटाला गुंडाळून धरणारा एक वीर प्रत्येक मैदानावर असतोच. तुम्ही तो होऊ नका, सोडता येईल असा धरा.

काढताना आधी वरचं पाणी बाहेर. कव्हरवर साचलेलं डबकं एका बाजूनं उचलून, सगळ्यांनी एकाच वेळी, स्क्वेअरच्या पलीकडे नेऊन ओतायचं. एक माणूस आकडे मोजतो आणि बाकी सगळे त्याचं ऐकतात. तिथे एकानंही आपला टोकाचा कोपरा आधी सोडला की बादलीभर पाणी सरळ पट्टीवर. आणि कव्हरला भोक आहे का, हे सामन्याच्या दिवशी तपासायचं नसतं. 5 जानेवारी 2020 ला गुवाहाटीत भारत-श्रीलंका टी-20 चा टॉस झाला, पाऊस आला, कव्हरमधून पाणी झिरपलं, आणि मग हेअर ड्रायर आणि इस्त्री घेऊन खेळपट्टीवर बसलेली माणसं साऱ्या देशानं पाहिली. एक चेंडूही न पडता सामना रद्द झाला. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या जागी मी असतो तर मीही इस्त्रीच मागितली असती. चूक त्या क्षणाची नव्हती, ती आधीच होऊन गेली होती.

म्हणून महिन्यातून एकदा कव्हर उन्हात पसरा, एकानं खाली शिरून वर बघायचं. उजेडाचा ठिपका दिसला की खडूनं गोल, आणि त्याच दिवशी ठिगळ.

पाऊस नसताना कव्हर उगाच ठेवू नका. दोन दिवस झाकलेलं गवत पिवळं पडतं, तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. आणि झाकायला फक्त खेळपट्टी नसते. बॉलरचे रन-अप, बाजूच्या पट्ट्या, हेही झाका. अहमदाबादला 2023 ची आयपीएल फायनल राखीव दिवशी, 29 मे ला, पुन्हा पावसात सापडली तेव्हा ग्राउंड्समन स्पंजनं पाणी टिपत होते, आणि खेळ पुन्हा सुरू व्हायला मध्यरात्र उलटली. स्पंजबद्दल एवढंच: घासायचा नाही, दाबायचा आणि उचलायचा. घासलात तर चिखल होतो.

आउटफिल्डवरचं, म्हणजे स्क्वेअरबाहेरच्या मैदानावरचं, पाणी सुपर सॉपर हे पाणी शोषणारं यंत्र ओढतं. ते नसेल तर मोठे स्पंजाचे रोलर, बादल्या आणि भुसा. पण जमिनीखालची गटारव्यवस्था नीट नसेल तर यातलं काहीच पुरत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कानपूरच्या भारत-बांगलादेश कसोटीत तिसऱ्या दिवशी पाऊस नसूनही ओल्या आउटफिल्डमुळे एक चेंडू पडला नाही. ही गोष्ट ज्युनियरच्या हातातली नाही, मात्र पाणी बाहेर पडायच्या जाळ्या पानांनी तुंबल्यात का ते बघणं शंभर टक्के तुमच्या हातात आहे.

वीज चमकायला लागली तर कव्हर राहू द्या, आत या. मोकळ्या मैदानात लोखंडी रोलरशेजारी उभं राहण्याइतकी कोणतीही मॅच मोठी नसते.

रेषा मारणं

हे काम नव्यांकडे लवकर येतं आणि सगळ्यांना दिसतं. दोन्ही टोकांच्या स्टंपांमधलं अंतर 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर. पट्टीची रुंदी 10 फूट, 3.05 मीटर. तिन्ही स्टंप मिळून रुंदी 9 इंच. बॉलिंग क्रीज, म्हणजे स्टंपांच्या ओळीतली रेषा, 8 फूट 8 इंच लांब; तिच्यापासून पॉपिंग क्रीज, म्हणजे तिला समांतर पुढची रेषा, 4 फूट पुढे. रिटर्न क्रीज, म्हणजे बाजूच्या दोन रेषा, मधल्या स्टंपच्या रेषेपासून दोन्हीकडे 4 फूट 4 इंचांवर, आणि पॉपिंग क्रीजपासून मागे निदान 8 फूट ओढलेल्या.

काटकोन कसा धरायचा? शाळेत पायथागोरस शिकवला तेव्हा मला वाटलं होतं की याचा जन्मात उपयोग होणार नाही. मधल्या स्टंपपासून खेळपट्टीच्या मध्यरेषेवर 4 फूट पुढे एक खिळा, बॉलिंग क्रीजवर 3 फूट बाजूला दुसरा. दोन खिळ्यांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट आलं तर काटकोन. आणि गंमत म्हणजे तो 4 फुटांवरचा खिळा पॉपिंग क्रीजवरच असतो.

आता चूक कुठे होते ते सांगतो. रेषेला जाडी असते. पॉपिंग क्रीज म्हणजे रंगाची मागची, स्टंपांकडची कड. अंतर तिच्यापर्यंत मोजायचं आणि रंगाची जाडी पुढच्या बाजूला जाऊ द्यायची. रिटर्न क्रीजची आतली कड धरायची, जाडी बाहेर. हे उलटं केलं की नो-बॉल आणि रनआउटच्या निर्णयात इंच-दीड इंच इकडेतिकडे, आणि आता तर कॅमेरा तिथेच लावलेला असतो.

काही मैदानांवर अजून चुनाच वापरतात. चुना कालवताना डोळ्यांत उडाला तर डोळा जायची वेळ येते. चष्मा नसेल तर मागा, लाजू नका. मी तरी पाण्यातला पांढरा रंगच पसंत करतो. लाकडी साचा ठेवून ब्रशनं एकच सावकाश हात. माती दमट असेल तर रंग पसरतो, तेव्हा इथेही आधी हातानं चाचपून मगच ब्रश बुडवा.

सामना चालू असताना

टॉसनंतर खेळपट्टीचे मालक अंपायर. तोपर्यंत तुम्ही जिला पोटच्या पोरीसारखी जपलीत, तिला आता अंपायरच्या परवानगीशिवाय हातही लावायचा नाही. सामना संपेपर्यंत तिला पाणी देता येत नाही, हा नियमच आहे. पहिला डाव सोडून प्रत्येक डावाआधी, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाच्या खेळाआधी, फलंदाजी करणाऱ्या कर्णधारानं मागितलं तर रोलर फिरतो, पण 7 मिनिटांपेक्षा जास्त नाही. हलका की जड हे तोच सांगतो. दोन डावांत 10 मिनिटांची सुट्टी असेल तर त्यात झाडणं, रोलर, पुसलेल्या रेषा पुन्हा मारणं हे सगळं बसवायचं असतं. म्हणून खराटा, ब्रश, रंगाचा डबा आणि भुसा सीमारेषेजवळ आधीच मांडून ठेवा. शेवटची विकेट पडल्यावर शोधायला निघालात तर संपलं.

रात्रीच्या सामन्यात दव पडतं. दोघांनी लांब दोराची दोन टोकं धरून आउटफिल्डवरून ओढत न्यायची, गवताच्या टोकांवरचे थेंब झडतात. दिसायला पोरखेळ, पण चेंडू साबणासारखा निसटायचा थोडा तरी कमी होतो.

आणि तोंड बंद. खेळपट्टीवर चेंडू फिरणार का, गवत ठेवणार का, रोलर किती वेळ दिला, हे क्लबच्या सामन्यात चहावाल्यालाही सांगितलं तरी चालतं असं लोक म्हणतात. नाही चालत. मोठ्या सामन्यांत तर खेळपट्टीची माहिती म्हणजे सट्टेवाल्यांचा माल असतो, आणि ती विचारणारा माणूस नेहमी गोड बोलतो, कधी कधी पाचशेची नोट दाखवतो. "साहेबांना विचारा" हे उत्तर पाठ करा आणि साहेबांना त्याच दिवशी सांगा. खेळपट्टीसोबत सेल्फी काढून स्टेटसला टाकायचा मोहही आवरा.

सामन्यानंतर

प्रेक्षक गेले की खरी मजुरी. बॉलरच्या टाचांनी खणलेले खड्डे भरायचे. सैल माती झाडून काढा, खड्ड्याच्या कडा पाण्यानं ओल्या करा, नव्या मातीची कणकेसारखी गोळी मळा, दोन-दोन इंचांचे थर देत धुम्मसानं, म्हणजे माती ठोकायच्या जड अवजारानं, ठोका. माती त्याच पट्टीची, त्याच ढिगातली. लाल पट्टीत काळी माती भरली तर दोघी वाळताना वेगवेगळ्या आकसतात आणि मधे फट राहते. वर हरळीच्या गाठीच्या काड्या खोचा, रोज थोडी झारी. चार-पाच आठवड्यांत जागा ओळखू येत नाही, हवा साथ देत असेल तर.

गवताच्या मशीनबद्दल दोनच गोष्टी. पेट्रोल गवतावर उभं राहून भरू नका; सांडलेल्या पेट्रोलचा डाग महिनाभर पिवळा राहतो आणि कोणी सांडलं ते सगळ्यांना माहीत असतं. आणि पात्यात अडकलेलं काही काढायचं असेल तर मशीन बंद, प्लगची वायर काढलेली, मगच हात.

माणसं, पैसे, वही

बहुतेक जण रोजंदारीवर किंवा ठेकेदारामार्फत लागतात. हजेरी रोजच्या रोज लिहून घ्या, आपल्याकडेही तारखेसकट ठेवा. पीएफ कापत असतील तर नंबर मागा. उन्हात विदर्भातल्यासारखं तापमान असेल तर दुपारची जड कामं सकाळी ओढून घेण्याबद्दल साहेबांशी बोलता येतं, बोला. अधूनमधून कौतुकही वाट्याला येतं. 2024 च्या आयपीएलनंतर बीसीसीआयनं दहा नेहमीच्या मैदानांच्या ग्राउंड्समन आणि क्युरेटरांना प्रत्येकी 25 लाख आणि तीन जादा मैदानांना 10 लाख जाहीर केले होते. 17 सप्टेंबर 2023 ला कोलंबोत आशिया कपच्या फायनलमध्ये मोहम्मद सिराजनं 21 धावांत 6 बळी घेतले आणि सामनावीराची रक्कम तिथल्या ग्राउंड्समनना देऊन टाकली. पण अशा दिवसांच्या भरवशावर घर चालत नाही, तेव्हा पुढचा रस्ता आधीच बघून ठेवा.

तो रस्ता एका वहीतून जातो. शंभर पानी, साधी. रोज चार ओळी: हवा कशी होती, कुठल्या पट्टीला किती मिनिटं पाणी, कुठला रोलर किती वेळ, लाडू कसा वळला. सामन्याच्या दिवशी चेंडू कसा वागला तेही. वर्षभरानं ही वही चाळली की क्युरेटर काही निर्णय का घेतात ते आपोआप दिसायला लागतं. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना आहेत, गोव्याची वेगळी. बीसीसीआय क्युरेटरांसाठी प्रशिक्षणवर्ग आणि परीक्षा घेते. संघटनेच्या मैदानावर काम मिळालं तर त्या वर्गांची चौकशी करत राहा. वानखेडेची खेळपट्टी बरीच वर्षं सांभाळणारे सुधीर नाईक स्वतः भारताकडून कसोटीत सलामीला खेळलेले होते. 2 एप्रिल 2011 ची वर्ल्ड कप फायनल झाली ती त्यांच्याच देखरेखीखालच्या पट्टीवर. आपण बॅट धरली नसेल, पण खराटा धरला आहे, आणि खराट्यातून वर गेलेले माळीही मी पाहिले आहेत.

मामांना लिहितावाचता फारसं येत नव्हतं. त्यांची वही डोक्यात होती, म्हणून ती त्यांच्याबरोबर गावी गेली. त्यांना विचारायचं राहून गेलेलं बरंच आहे. तुमच्या मैदानावर असे कोणी असतील तर चहाच्या वेळी त्यांच्या शेजारी बसा.

मे महिन्यात सामने कमी झाले की स्क्वेअरची मोठी दुरुस्ती निघते: वरचा थर खरवडणं, चाळणीतून माती चाळणं, नवी हरळी लावणं. या कामाला कोणी प्रेक्षक नसतो, साहेब निवांत असतात आणि विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देतात, तेव्हा गावी जायची सुट्टी शक्यतो या पंधरवड्यात घेऊ नका. मुंबईत तर पाऊस सुरू झाल्यावरही सुटका नाही. 1948 पासून चालत आलेली कांगा लीग ही क्लबांची स्पर्धा ऐन पावसाळ्यात उघड्या खेळपट्ट्यांवर खेळतात, आणि ओल्या मातीचं जे शिक्षण तिथे मिळतं ते कुठल्या स्टेडियमात मिळत नाही. पहिली सर येण्याआधी जाळ्या साफ करून घ्या, पंपाची वायर कुठे उघडी पडली आहे का ते बघा, आणि कव्हरं उन्हात पसरून त्या खडूच्या गोलांवर ठिगळं लागली आहेत याची खात्री करा.